बाहेरून लावलेली कडी

मी, चतुराबाई काकासाहेब गाडेकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा खानावळ, मध्यंतरी सक्तीचा आराम, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करून ठेवते. माझी शुद्ध जागेवर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मी आज सकाळी डॉ. भानुमती पाठक यांच्याकडून तपासून घेऊन तसा दाखला सोबत जोडला आहे. ज्याला शंका असेल त्याने आधी स्वतःचा दाखला आणावा.

मजकूर ॲड. राजेंद्र धर्माधिकारी यांनी माझ्या सांगण्यावरून उतरवला आहे. मृत्युपत्रात एवढा पाल्हाळ नसतो असे त्यांचे म्हणणे पडले. मी म्हटले, फी देणारी मी, मरणारीही मीच, तुम्ही लिहा.

कलम १. माझी स्थावर मिळकत म्हणजे मुकुंदवाडी स्टेशनजवळचे दुमजली घर. ते माझे स्वकष्टार्जित आहे, त्यात वडिलोपार्जित एक वीट नाही. काकासाहेब वारले तेव्हा शिवराज अजून बोट धरून चालत होता. दिरांनी शेतातला हिस्सा दिला नाही, तो त्यांनी सुखाने खावा. मी पत्र्याच्या खोलीत चूल मांडली आणि एमआयडीसीत कामाला आलेल्या पोरांना भाकरी आणि येसराची आमटी वाढू लागले. त्या भाकरीवर हे घर उभे राहिले आणि शिवराज इंजिनिअर झाला.

कलम २. माझा एकुलता एक मुलगा शिवराज यास हे घर मिळणार नाही. का, असे उद्या कोणी विचारील, म्हणून हकीगत इथेच नमूद करते.

दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीत घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, तरी काठी आणि कोणाचा तरी हात असल्याशिवाय उठता येईना. शिवराज तेव्हा चितेगावला एका कंपनीत होता आणि बायको सायलीसह वरच्या मजल्यावर राहत होता. सुरुवातीला त्याने मला बरे सांभाळले, ते मी नाकारत नाही. मग तो घराचे बक्षीसपत्र घेऊन आला. मी सही करत नाही म्हटल्यावर माझा फोन गेला, काठी गेली आणि मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लागू लागली. ताट खिडकीतून यायचे, तेही गार. जिच्या हातची गरम भाकरी खाऊन माणसे पाळीवर जायची, तिच्या पुढ्यात गार वरण. शिवराज दाराबाहेरून म्हणायचा, "सही कर, लगेच दार उघडतो." मला भीती वाटायची, रडू यायचे, पोटच्या पोराचा संताप यायचा. पेन मात्र मी हातात घेतले नाही.

पुण्यात शिकणारी त्याची मुलगी, माझी नात प्रेरणा, आणि शेजारीपाजारी यांना त्याने सांगून ठेवले होते की आई भ्रमिष्ट झाली, कोणाला ओळखत नाही. खानावळीत माझ्याबरोबर भाकऱ्या थापणाऱ्या मुक्ताबाईला ते पटले नाही. ती खिडकीशी आली, माझ्याशी बोलली आणि तशीच तडक पोलीस ठाण्यात गेली. तिथे तिला बराच वेळ उभे ठेवले. शेवटी जमादार सखाराम ढाकणे घरी आले. शिवराजने त्यांना हॉलमध्ये बसवून चहा दिला. आजी जेवतात का, औषध घेतात का, दार बंद ठेवता का, सगळे प्रश्न शिवराजला. तो म्हणाला, दार कायम उघडे असते, आई घरभर फिरते. भिंतीपलीकडून मी ओरडून उत्तरे देत होते, तर म्हणे, "बघा, दिवसभर असंच चालतं." जाताना ढाकण्यांनी खिडकीतून डोकावून मला सांगितले, "आजी, लेकाचं ऐकत जा." घरगुती वाद म्हणून प्रकरण मिटले.

मुक्ताबाई मिटली नाही. ती पुन्हा ठाण्यात गेली आणि दाद लागेपर्यंत हलली नाही. या खेपेला हवालदार सरिता वाघचौरे एका शिपायाला घेऊन आल्या. त्यांनी चहा घेतला नाही. आजींशी एकटीने बोलायचे आहे असे सांगून त्या माझ्या खोलीत आल्या, खाली सतरंजीवर माझ्या शेजारी बसल्या आणि शिवराजला म्हणाल्या, तुम्ही बाहेर थांबा, दार ओढून घ्या. शिवराज बाहेर गेला, त्याने दार ओढले आणि रोजच्यासारखी कडी घातली. सरकारी हवालदार माझ्यासोबत कोंडली गेली.

सरिताबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "आता कळलं का, मी घरभर कशी फिरते?" त्या उठल्या आणि दार वाजवून म्हणाल्या, "शिवराजराव, कडी काढा."

बाहेरून आवाज आला, "सॉरी मॅडम, सवयीनं लागली."

दार उघडले तेव्हा शिपाई त्याच्या शेजारीच उभा होता. सरिताबाई म्हणाल्या, "सवयीनं, बरं का. तुम्ही म्हणालात तेच लिहिते, माझ्या मनाचं काय नाय." मग त्या परत माझ्यापाशी येऊन बसल्या आणि त्यांनी विचारले, "आजी, तुमची काय मर्जी आहे?" इतक्या महिन्यांत हे मला कोणी विचारले नव्हते. मी आधी पोटभर रडले, मग सगळे सांगितले.

गुन्हा दाखल झाला. प्रांतसाहेबांपुढे अर्ज गेला आणि घर खाली करून द्या असा शिवराजला हुकूम झाला. तो आणि सायली आता चितेगावला भाड्याने राहतात. हुकूम घेऊन येताना मी क्रांती चौकात रिक्षा थांबवली आणि पेढे घेतले. मग अख्ख्या ठाण्याला वाटले, साहेबापासून झाडूवालीपर्यंत.

कलम ३. घराचा वरचा मजला नात प्रेरणा हिला. आजी ओळखत नाही असे ऐकून पोरीने फोन करायचे सोडले होते. खरे कळल्यावर ती पहिल्या गाडीने आली आणि माझ्या कुशीत शिरली. तिचा मला राग नाही.

कलम ४. तळमजला मुक्ताबाई तहहयात वापरील. तिथे आम्ही दोघींनी खानावळ पुन्हा सुरू केली आहे, ती तिने चालवावी. मोठे तवे, परात, पाटा-वरवंटा तिचे. पितळी पातेले धाकट्या जावेने मागितले होते, ते तिला हरगिज देऊ नये. मुक्ताबाईच्या पश्चात तळमजलाही प्रेरणाचा.

कलम ५. बँकेतल्या ठेवीतून पोलीस ठाण्यासाठी पाठ टेकता येईल असे एक मजबूत बाकडे घ्यावे. तक्रार घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाने त्यावर बसावे. परवानगी वकीलसाहेब काढतील. सरिताबाईंना काही द्यायची फार इच्छा होती, पण त्या पेढ्याशिवाय काही घेत नाहीत. उरलेली ठेव प्रेरणाची.

कलम ६. शिवराजला त्याच्या वडिलांचे घड्याळ द्यावे. शिवाय तो जेव्हा केव्हा खानावळीत येईल तेव्हा त्याला पैसे न घेता गरम ताट वाढावे, भाकरी तव्यावरून थेट. ताट त्याने स्वतः घासून ठेवावे. हे कलम काढा असे मुक्ताबाईने तोंड फुगवून सांगितले. मी काढणार नाही. तो माझा मुलगा आहे आणि मी जिंकले आहे, मला एवढे परवडते.

कलम ७. साक्षीदारांविषयी. सरिताबाईंनी सही करायला नम्रपणे नकार दिला, कारण खटला अजून चालू आहे. मुक्ताबाईला मिळकतीत वाटा आहे म्हणून वकीलसाहेब तिची सही घेत नाहीत. एक सही डॉक्टरीणबाईंची. दुसरीसाठी मी सखाराम ढाकण्यांना निरोप धाडला. ते आता निवृत्त झाले आहेत. आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "चतुराबाई, माझं चुकलं. पोरगं शिकलेलं दिसलं, त्यालाच विचारत बसलो." मी म्हटले, आत या, मला माफी नको, साक्षीदार पाहिजे. मग त्यांना मजकूर वाचायला दिला. वाचून झाल्यावर त्यांनी सहीच्या वर स्वतःच्या हाताने काही लिहायची परवानगी मागितली. मी दिली.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. राजेंद्र धर्माधिकारी करतील. यापूर्वी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे बदलावेसे वाटले तर बदलीन, कारण मालकीण मी आहे.

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

सही: चतुराबाई काकासाहेब गाडेकर
(अंगठा नाही. सातवी पास आहे.)

साक्षीदार १: डॉ. भानुमती श्रीधर पाठक

साक्षीदार २: सही करण्यापूर्वी मी सगळ्यांना खोलीबाहेर पाठवले आणि हे मृत्युपत्र कोणाच्या मर्जीने होत आहे असे चतुराबाईंना समोर बसून विचारले. उत्तर त्यांनीच दिले.
सखाराम ढाकणे, निवृत्त जमादार