काका, आमटी वाढा

बोरिवली, १२ मे १९८४

सौ. शेवंतीस,

आम्ही बापलेक इकडे ठीक आहोत. आईचा खोकला थांबला का?

गिरणी सुटल्यावर धरलेलं हे शिबिरातल्या स्वयंपाकाचं काम बरं आहे. त्यामुळेच आपल्या रत्नूला शिबिरात फुकट घेतलं. दोर धरून कडा चढते, अजिबात घाबरत नाही.

काल जेवणाच्या रांगेत ती इतर मुलांसारखंच म्हणाली, "काका, आमटी वाढा." मी वाढली.

मग मागच्या दाराशी येऊन म्हणाली, "बाबा, रविवारी सगळ्यांचे आईवडील येणारेत. तुम्ही आतच थांबा ना."

"भजी तळायचीत गं, मला कुठे सवड?" म्हटलं.

तू तिला काही विचारू नकोस. रविवारी भजी नाहीत, शिरा आहे. जेवणघराच्या फळ्यावर तिनेच सुंदर अक्षरात लिहिलंय.

तुझा,
जयवंत