कमाई माझी, खातं ह्यांचं

६ जानेवारी
अंधेरीच्या कॅन्टीनवाल्या दशरथ शेठचा फोन. एक एप्रिलपासून रोज सहाशे चपात्या देशील का, विचारतो. आता तीनशे देते. हो म्हणाले. मनगट नाही म्हणत होतं, पण धंद्याचे निर्णय मनगटाने घ्यायचे नसतात. कणीक मळायचं मशीन घेणार. किंमत नव्वद हजार. बँकेतून कर्ज काढणार. पंधरा दिवसांत काम फत्ते.

९ जानेवारी
समोरच्या खोलीतली रश्मी म्हणाली, आमच्या बचत गटात ये गं, गटाला कर्ज लगेच मिळतं. दहा बायका, दर शनिवारी शंभर रुपये आणि शंभर भांडणं. मी एकटी पुरेशी आहे. वाचनालयातून बँकिंगवरचं पुस्तक आणलंय. सातवी शिकलेल्या बाईने चाळीस पानं एका बैठकीत वाचली. बरीचशी कळली. उरलेली चुकीची छापली असावीत.

१७ जानेवारी
समाजमंदिरात आर्थिक साक्षरता शिबिर. शिकवणारी प्रियंका, वय माझ्या पोळपाटाहून कमी. म्हणाली, धंद्याचं खातं स्वतःच्या नावावर हवं. मी उभी राहून म्हणाले, नवरा-बायकोत स्वतःचं-परक्याचं काय असतं? टाळ्या पडल्या. रश्मी नंतर म्हणाली, टाळ्या वडापाव आला म्हणून होत्या. जळते.
माझ्या चपात्यांच्या दुकानातल्या स्कॅनरवर ह्यांचंच नाव आहे. गिऱ्हाईक पैसे पाठवतं तेव्हा मोबाइलवर ‘सहदेव पाटकर’ दिसतं. हे जाऊन दोन वर्षं झाली. नवीन माणूस विचारतो, सहदेव कोण? मी सांगते, मालक. ते नाव मी खोडायचं? कशासाठी? प्रियंकाला बरं वाटावं म्हणून?

३ फेब्रुवारी, सकाळी ११
पंधरा दिवस कधीच उलटले. दोष बँकेचा, रविवार फार असतात. कर्जाच्या टेबलावर निहार नावाचा पोरगा, गळ्यात पट्टा. ह्यांच्या खात्याचं स्टेटमेंट त्याच्या पुढ्यात टाकलं. बघून म्हणाला, उलाढाल झकास आहे काकी, सहदेवकाकांना कर्ज आरामात मिळेल, त्यांना सहीला पाठवा.
मी म्हणाले, ते गावाला गेलेत.
कधी येणार, म्हणाला. नक्की नाही, म्हणाले.
खोटं बोलायचं नव्हतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी ह्यांना बोलावलं होतं.

४ फेब्रुवारी
रश्मीला सांगितलं. ती म्हणाली, डोकं फिरलंय काय तुझं, गेलेल्या माणसाच्या खात्यावर धंदा करतेस? तिच्याशी बोलणं कायमचं बंद. साखरसुद्धा मागणार नाही.

संध्याकाळी
मीठ मागितलं. मीठ वेगळं.

२४ फेब्रुवारी
उपाय सापडला. पुस्तकात लिहिलंय, बँकेपासून काही लपवू नये. मी ह्यांची बायको हे सिद्ध केलं की उलाढाल आपोआप माझी. इतकं साधं त्या पोराला सुचू नये? मृत्यूचा दाखला, लग्नाचा फोटो, दोन-दोन झेरॉक्स. उद्या निहारची बोलती बंद.

२५ फेब्रुवारी
बोलती बंद झाली. मग तो आत जाऊन मोठ्या मॅडमना घेऊन आला. त्यांनी खातं गोठवलं. एकतीस हजार आत, मी बाहेर. नॉमिनी कोण, तर सासूबाई, आणि त्या ह्यांच्याही आधी चार वर्षं गेल्या. आता वारसाचे कागद आणा म्हणे. किती दिवस लागतील ते कोणी सांगेना. मॅडम म्हणाल्या, दोन वर्षं तुम्ही त्यांच्या कार्डाने पैसे काढत होतात, हा गुन्हा आहे, कळतं का? मी शांतपणे उत्तर दिलं. वॉचमन मध्ये पडला.
बँकेला माणूस जिवंत लागतो. मलाही लागत होता. मला कोणी विचारलं?
दुकानात आले तर गिऱ्हाईक म्हणे, काकी, पैसे जात नाहीत. म्हटलं, नेटवर्क नसेल.

१९ मार्च
दशरथ शेठने ऑर्डर रश्मीच्या गटाला दिली. माझ्या तीनशेसुद्धा, आणि एप्रिलची वाट न बघता उद्यापासूनच. म्हणाला, राग मानू नका वहिनी, सहाशे एकाच ठिकाणाहून घेणं सोपं पडतं. गद्दार. गटाने कर्ज काढून मशीनही आणलं. रश्मी दारात आली. म्हणाली, लाटायला हात कमी पडतायत, चपातीमागे दीड रुपया, पण पैसे तुझ्या नावाच्या खात्यातच येतील. मी म्हणाले, मी मालकीण आहे, मजूर नाही. ती म्हणाली, बरं मालकीणबाई, सकाळी सातला ये.

२० मार्च
फक्त मशीन बघायला गेले. चारशे लाटल्या. मशीन काही खास नाही. कणीक मात्र मऊ मळतं.

२६ मार्च, दुपारी ३
खातं उघडायला बँकेत. शून्य शिलकीचं. फॉर्म निहारनेच दिला. नाव लिहिलं, मालन पाटकर. पत्ता, दहिसर. सही ठसठशीत केली. नॉमिनीच्या रकान्यात ह्यांचं नाव लिहिलं.
निहारने वाचलं. दुसरा कोरा फॉर्म काढून पुढे सरकवला.