मागच्या खोलीचा क्रीम रंग

८ नोव्हें. ७६, सोम.
पोरगा महादेव सासरी जरीपटक्याले जाऊन आला. एकटाच. बायको सुमन येत नाही म्हणते. नातीले, मीनालेही पाठवलं नाही. म्हणे, "ज्या खोलीत माहं लेकरू खोकून खोकून गेलं, त्या काळ्या खोलीत मी निजत नाही."
डॉक्टर निमोनिया म्हणे. सुमन धूर म्हणते. पावसाळाभर चूल त्याच खोलीत होती. पेटवत मी होती.
दिवाळी अशीच गेली.

१० नोव्हें., बुध.
महादेवनं डिस्टेंपरचा डबा आणला. क्रीम रंग. झाकण असं उघडून दाखवते जसे लाडूच आणले. दुधावरच्या सायीसारखा आहे, खोटं काहून बोलू.
म्हटलं, "पांढरा काहून नाही आणला बा?"
"पांढरा दवाखान्यात राह्यते, माय."
बरोबर बोलला. क्वचित बोलते.
रविवारी खोली पाहायले येईन, असं सुमननं कबूल केलं. पसंत पडली तं राहीन म्हणे. चूल मी पडवीत काढली.

११ नोव्हें., गुरु.
भिंत खरवडून राहिली. काजळी नाकात, डोळ्यात. बाजूची रखमा दारात टेकून म्हणे, "सुनेसाठी एवढं करून राहिली वं! ते पाह्यणार बी नाही."
म्हटलं, "तू तं पाहून राहिली ना. घे खराटा."
गेली लगेच.

१३ नोव्हें., शनि.
सत्यानाश.
महादेव गिरणीत. म्हटलं आपणच उरकू. रंग कालवला अन् सवयीनं नीळ टाकली, पुरचुंडीभर. जन्मभर चुना लावला, नीळ टाकल्याशिवाय चुना उजळत नाही. हात आपोआप गेला. ओलं होतं तोवर समजलं नाही. वाळलं तं हिरवट. शिळ्या वरणावर बुरशी यावी तसं. चारी भिंती. डबा खलास.
महादेव आला, दारात उभा राह्यला. ओरडला असता तं बरं होतं. नुसतं म्हणे, "उद्या येते न ते, माय." जेवला नाही.

१४ नोव्हें., रवि.
आली. मीना आधी आत पळाली. "आजी, हा कोणता रंग आहे वं?"
मी सरळ सांगितलं, नीळ मी टाकली, महादेवची चूक नाही. सुमन भिंतीकडे पाहत राह्यली. रागावली नाही. म्हणे, "शेवटच्या दिवशी माह्या लेकराचं तोंड असंच झालं होतं, बाई."
मी जाऊन चहा मांडला. 
पडवीत बसून अर्धा कप चहा घेतला तिनं. मग मीनाचा हात धरला अन् रिक्षा बोलावली. मीना रडत गेली.

१६ नोव्हें., मंगळ.
महादेव पुन्हा जरीपटक्याले गेला. कपड्याची पिशवी घेऊन. म्हणे, "ते म्हणन तं मी तिकडंच राह्यतो, माय. तू..."
म्हटलं, "राह्य." दुसरं काय म्हणू? त्याचं लेकरू गेलं, आता बायको पण जाऊ द्यावी का.
रखमा विचारून गेली, "कुठं गेला महादेव?" म्हटलं, तुह्या बापाच्या घरी.
दिवेलागण झाली. तांदूळ काढायले बसली. एकीचा काढू का दोघांचा?