आठव्या दारावरचं पिवळं फडकं

कामिनो, वरची आळी
२५ एप्रिल

प्रिय सायोको,

तू बरी असशील. इकडे चेरी गळून गेली, बेडूक ओरडायला लागले, आणि नवऱ्याची कंबर नेमकी चिखलणीच्या तोंडावर धरली. दरवर्षीचंच आहे. मी म्हणते, तुमच्या कंबरेला पंचांग कळतं.

तुमच्या अंगणाची काळजी करू नकोस. कुंपणाकडेचं गवत मी काढलं, बटाटे लावले, काकूंच्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालते. बर्फ अडवायला खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या मात्र अर्ध्याच निघाल्या आहेत. चौथी काढताना काकू पडल्या, ते तुला ठाऊकच आहे. उरलेल्यांना हात लावायचं माझ्याच्याने होत नाही.

ऐकलं की तीन तारखेला येऊन तू आईच्या वृद्धाश्रमाचे कागद करणार आहेस. घराला कुलूप लावायचं ठरलं, असंही ऐकलं. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. फोन दोनदा उचलला होता. दोन्ही वेळा तुला बटाट्यांचंच सांगून ठेवला.

सात तारखेचा रविवार. सकाळी सगळ्या आळीने मिळून पाट उपसला, नि दहा वाजता भोंगा झाला की भूकंपाची तालीम. तू गाव सोडल्यानंतर ही पद्धत सुरू झाली. भोंगा ऐकला की ज्याने त्याने आपल्या फाटकाला पिवळं फडकं बांधायचं. म्हणजे, इथे सगळे सुखरूप, तुम्ही पुढच्या घरी जा. ज्या फाटकावर फडकं नाही, तिथे अग्निशमन दलाची माणसं आत शिरून बघतात. यंदा गटप्रमुखाची पाळी माझी होती.

तुझ्या आईने ते फडकं कधीच बांधलं नाही. म्हणायच्या, "मी जिवंत आहे हे सांगायला चिंधी कशाला? माझा धूर दिसत नाही का?" त्यामुळे दरवर्षी दलाची माणसं त्यांच्या घरात शिरत, काकू त्यांना मुळ्याचं लोणचं नि चहा देत, आणि वरची आळी सर्वांत शेवटी मोकळी होई. खालच्या आळीचा मोरिवाकी गेल्या वर्षी सगळ्यांदेखत म्हणाला होता, "खरा भूकंप झाला तर तुमच्या आळीसाठी त्याला जरा थांबायला सांगू." लोक हसले. मीही हसले, पण ते मला लागलं होतं.

तर यंदा सात फडकी पाच मिनिटांत लागली. आठवं दार काकूंचं. मी फाटकातून दोन हाका मारल्या. ओ आली नाही. म्हटलं, असतील मागे, नेहमीसारख्या ऐकू येऊन न ऐकल्यासारखं करत. गटप्रमुखाकडे एक जादा फडकं असतं. ते मी त्यांच्या फाटकाला बांधलं, सायोको. मी बांधलं.

दलाची माणसं आली, फडकं बघून पुढे गेली. त्यातला एक म्हणाला, "आजी सुधारल्या म्हणायच्या." आम्ही पहिले आलो. मी मोरिवाकीला चहा पाजला, वर दोन शब्दही ऐकवले.

काकू तेव्हा घरामागे स्टुलाशेजारी पडलेल्या होत्या, खुबा मोडून. त्यांना आमची पावलं ऐकू येत होती. त्यांनी हाका मारल्या, पण बांधावर गवत कापायची यंत्रं चालू होती. उरलेला भात द्यायला मी गेले तेव्हा दोन वाजले होते. चार तास. रुग्णवाहिका गेल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर फडकं सोडून खिशात घातलं. घरी आणून धुतलं.

सगळे धरून चालले की काकूंनीच ते बांधलं आणि मग त्या पडल्या. काकू सांगत होत्या, मी नाही बांधलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तू दवाखान्यात आलीस त्या दिवशी तिसऱ्यांदा. तेव्हा तू डॉक्टरांकडे बघितलंस. मी तुझ्या मागेच उभी होते, हातात थर्मास घेऊन. म्हणतात ना, खाई त्याला खवखवे. पण मी एवढंच विचारलं, चहा ओतू का?

तेव्हाच बोलायला हवं होतं. मग रोज वाटे, उद्या बोलू. तुझा विसराळूपणाचा संशय, त्यांच्या त्या तपासण्या, आश्रमाचा निर्णय, हे सगळं माझ्या त्या एका गाठीवर उभं आहे, हे मला कळत होतं. आळी काय म्हणेल, याचीच मला भीती होती.

काल मी त्यांना भेटायला गेले. तुझी आई कशी आहे तू जाणतेस. वाद हरणं त्यांना माहीत नाही. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "तोमिए, मीच बांधलं असेल गं. तुम्ही सगळ्या म्हणता तर. मला आता माझं खरं वाटेनासं झालंय."

मी तरीही गप्प बसले. बसमध्ये रडले, त्याचा काय उपयोग.

त्यांच्या दारामागे आणीबाणीची पिशवी टांगलेली आहे. तू आलीस की उघडून बघ. बिस्किटं, बॅटरी, आणि त्यांचं फडकं प्लास्टिकच्या पाकिटात तसंच बंद. या पत्रासोबत दुसरं फडकं पाठवते आहे. कोपऱ्यात शाईने 'गटप्रमुख' लिहिलेलं आहे. गाठीत दडलं होतं, म्हणून कोणाला दिसलं नाही. धुऊनही ती शाई गेली नाही.

त्यांचा खुबा मोडलाय, डोकं शाबूत आहे. घराचं काय करायचं ते तू ठरव. मला बोलायचा अधिकार नाही. मात्र त्या परतल्या, तर रोज सकाळी आत जाऊन त्यांना बघून येईन, फाटकातून हाक मारणार नाही. रविवारी आळीच्या बैठकीत सगळं सांगणार आहे, मोरिवाकीदेखत. त्याआधी, हे पत्र पेटीत टाकून साडेनऊच्या बसने दवाखान्यात जाते. तुझ्या आईला सांगायचंय, काकू, तुमचंच खरं होतं.

उरलेल्या फळ्या तशाच ठेवल्या आहेत.

अठरा दिवस गप्प बसलेली,
तोमिए