पिवळ्या भिंतीचं डिपॉझिट

मी खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या मुलीला हल्ली माझ्या डोक्याची फार काळजी वाटते.

१. शिलाई मशीन व मोठी कात्री शेजारच्या सुनेला द्यावी. ती माझ्याकडेच शिकली. तिच्या सासूने मशीनला हात लावू नये; ती वर कपड्यांचे ढीग रचून ठेवील.

२. माझे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे दादा, यांना फिक्या पिवळ्या रंगाचा एक डबा व एक ब्रश विकत आणून द्यावा.

खुलासा : लग्नानंतर आम्ही दादांच्याच खोलीत भाड्याने राहत होतो. सोडताना डिपॉझिट कापलं जाऊ नये म्हणून मी आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीने खपून खोली स्वतः रंगवली. रंग तिने निवडला. दादा आले, भिंतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा रंग मी सांगितला होता का? आता हा खरवडायचा, मग दुसरा द्यायचा. खर्च दुप्पट!" अख्खं डिपॉझिट गिळलं. त्या पैशांवर नवी खोली ठरवली होती, ती हातची गेली. पोरीला वर्षभर तिच्या आत्याकडे ठेवावं लागलं. परत आली तेव्हा माझ्या कुशीत झोपेना.

आणि ती भिंत दादांनी खरवडलीच नाही! पुढच्या भाडेकरूंनी त्याच पिवळ्या रंगात संसार केला. मी दादांना माफ केलेलं नाही. मी गेल्यावर रडत आलेच, तर डबा तेवढा हातात द्यावा.

३. घर मुलीला. मात्र वरच्या खोलीत नर्सबाई भाड्याने राहतात. परवा जिन्यात मुलगी त्यांना म्हणाली, "आई गेली की खोली रिकामी करा. भिंतीला खिळे ठोकलेत, रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार."

मी म्हटलं, "अगं, मी अजून जिवंत आहे! आणि तू थेट मामावर गेलीस की!"

"आई, व्यवहारातलं तुला कळत नाही. तू पड जरा."

मी पडले नाही. वकिलांकडे गेले. नर्सबाईंना पूर्ण डिपॉझिट परत मिळाल्याची त्यांच्या सहीची पावती वकिलांच्या हाती पडेपर्यंत घर मुलीच्या नावावर होऊ नये. दमडी जरी कापली, तर घर नर्सबाईंचं.

सही : स्वहस्ते
ठिकाण : माझं स्वतःचं घर
दिनांक : ९ मार्च

साक्षीदार :
१. आमचे डॉक्टर
२. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका

मुलगी म्हणाली, "मीही साक्षीदार म्हणून सही करते." वारसाची सही चालत नाही, असं वकिलांनी सांगितलं. पण पोरी, मामा भिंतीवरून बोट फिरवत होते तेव्हा दारातल्या ट्रंकेवर, पिवळ्या हातांनी डोळे पुसत तूच बसली होतीस.