डाव्या खांद्याचा दस्ता

३ नोव्हेंबर, सोमवार
दुकान उघडायला गेले तर पायरीवर बाळारामकाका. अंजूरहून रिक्षानं आलेले, मांडीवर बंदुकीची पिशवी. माझ्या वडिलांच्या, नानांच्या वेळचं गिऱ्हाईक. नाना गेल्यावर "पोरगी चालवील दुकान" असं म्हणणारे बहुधा एकटेच.
त्यांची जुनी दुनळी. नळ्या ठीक, खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता मानेपाशी उभा तडकलाय. म्हटलं, पडली का? तर म्हणाले, "बंदूक न्हाय पडली, मी पडलो. उजवा डोला गेला, शैला. मागची शीर फुटली. नेमबाजीच्या रेंजवर पायरी दिसली न्हाय."
मी चहा मागवला. त्यांनाच संकोच वाटला असावा. चहा अर्धा टाकून म्हणाले, "डावा चांगला हाय. डाव्या खांद्याचा दस्ता बनव."

५ नोव्हें., बुधवार
बंदूक पूर्ण उघडली. चाप, कमानी सगळं घासून तेल दिलं. बिजागरी किंचित सैल, ते जमेल. दस्ता मात्र नवाच लागणार. जुन्याचा वळसा उजव्या खांद्याचा, डाव्यावर लावला की गाल लाकडावर बसतच नाही. काकांच्या डाव्या गालावर निळा डाग आहेच. म्हणजे घरी न सांगता तसेच बार टाकून आलेत.
उजव्या हाताचा अंगठा ठणकतोय. पटाशी धरली की कोपरापर्यंत कळ. घरी माझा नवरा हेमंत म्हणाला, "आता दुकानाचा परवाना परत करून टाक. शाळेतून मी रिटायर होऊन सुटलो, तूही सूट." चिडून नाही म्हणाला, तेच जास्त लागलं.

८ नोव्हें., शनि.
काकांचा मुलगा नितीन आला. मानकोलीला त्याचं गोडाऊन आहे. गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून बाहेर लावून चालत आला, घामाघूम.
"शैलाताई, हो म्हणू नका त्यांना."
म्हटलं, म्हणून झालं.
"मग लाकूड मिळत नाही म्हणा. लांबवा. पुढे बंदुकीचा परवाना वाढवायची वेळ येईल, तेव्हा त्यांचं तेच सोडतील. जमिनी गेल्या तेव्हा काही बोलले नाहीत, पण रविवारची रेंज बंद म्हटलं तर तीन-चार दिवस जेवले नाहीत. मला त्यांच्याशी भांडायचं नाही."
"आणि मी खोटं बोलायचं?"
"तुमचं ऐकतात म्हणून आलो."
तो वाईट मुलगा नाही. घाबरलाय. जाताना भिंतीला टेकवलेल्या नळ्यांना हात लावायला गेला आणि मागे घेतला.

१४ नोव्हें., शुक्रवार
अक्रोडाचं लाकूड जम्मूहून पोचलं. रेषा सुंदर, मानेपाशी सरळ, मागे लाटांसारख्या. नितीननं सुचवलेलं खोटं आपोआप संपलं. बरं वाटलं, मग तसं वाटल्याचंच वाईट वाटलं.
आज शुक्रवारची सुट्टी, गल्लीतले लूम, कापडाचे माग, बंद. गल्ली शांत असली की कापायला हात स्थिर राहतो. बाहेरचा आकार काढला. बाकी दिवस अंगठ्यावर गरम पाण्याची पिशवी.

२१ नोव्हें.
लोखंड लाकडात बसवणं चालू. दिव्याची काजळी लोखंडाला लावायची, दाबायचं, काढायचं, काळं उमटलं तेवढंच खरवडायचं. परत काजळी. आठवडा यातच गेला. नाना हे करताना गुणगुणायचे. मी शिव्या देते.
शेजारच्या लूमवरचा रहमत डोकावला. "दीदी, इतनी घिसाई? नया ले लो ना." म्हटलं, हां, नया हाथ भी.

२६ नोव्हें., बुध.
दस्ता अजून कच्चा, पण मापाला काकांना बोलावलं. नळ्या मीच उघडून दाखवल्या, रिकाम्या. त्यांनी डाव्या खांद्याला लावली. गाल बरोबर बसला. चेहराच बदलला त्यांचा. म्हणाले, "आता आली घरी."
मग बंदूक खाली न घेताच काहीतरी विचारायला माझ्याकडे वळले. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते. नळ्या माझ्या पोटावरून, छातीवरून गेल्या. त्यांना कळलंच नाही.
रिकामी होती. माहीत होतं, तरी मी मागे सरकले. मी फ्रॉक घालत होते तेव्हा याच माणसानं मला दरडावलं होतं, रिकामी असली तरी माणसावर नाही धरायची.
"थोडं अजून घासावं लागेल" एवढंच म्हटलं. ते खुशीत गेले.

२७ नोव्हें.
झोप नाही. दुपारी दुकान बंद करून अंजूरला गेले. काका अंगणात, काकू तांदूळ निवडत. सांगितलं. जसं झालं तसं.
काकांनी विचारलं, "तुज्यावर धरली?"
"धरली नाही. फिरली."
"येकच झालं."
काकू सूप खाली ठेवून आत गेल्या. काका म्हणाले, "बंदूक ऱ्हाऊ दे मग तुज्याकडंच."
परतताना रिक्षा मिळेना. गोडाऊनच्या ट्रकांमागून धूळ खात चालले. दमले फार.

६ डिसेंबर, शनि.
दस्ता तसाच पडून. दुसऱ्या दोन बंदुका पुसून दिल्या, गंजलेली एक परत पाठवली. काकांचा फोन नाही. नितीनचा आला. "थँक्यू ताई." ते ऐकून अगदी कोरडं वाटलं.

११ डिसें., गुरु.
काकूंचा फोन. "अगं, रोज सकाली बांबू घेऊन उभे ऱ्हातात. खांद्याला लावायच्या आधी मान पार उजवीकडं फिरवतात, बगतात, मग लावतात. समोरनं कोंबड्या गेल्या तरी थांबतात. मी बोललू, लोक हसतील. तर बोलतात, हसूंदे."
मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं?
"मना? मना वाटतं घरात बसून मरन्यापरीस बरं. पन माजा डोला न्हाय ना गेला. मी काय सांगू."

१२ डिसें., शुक्र.
पुन्हा हात घातला. घासून झालं. पकडीवर चौकड्या कोरल्या. दोन ठिकाणी रेष सुटली, अंगठ्यामुळे. नानांना चाललं नसतं. जवसाच्या तेलाचा पहिला हात दिला. लूम बंद असतानाच तेल द्यायचं, नाहीतर रुईचे तंतू बसतात ओल्यावर.
हेमंत डबा घेऊन आला, तेल मुरताना बघत बसला. निघताना म्हणाला, "छान झालाय."

९ जानेवारी, शुक्र.
तेलाचे हात संपले. काका आले. बंदूक घेण्याआधी मान फिरवून आधी मला बघितलं आणि म्हणाले, "तू मागं उभी ऱ्हा." वळताना नळ्या जमिनीकडे. पुन्हा पुन्हा करून घेतलं मी. एकदाही चुकले नाहीत. बंदूक दिली.
नितीनला मीच कळवलं. तो म्हणाला, "मग रविवारी तुम्हीपण या."

११ जाने., रविवार
रेंजवर. मी, नितीन, काका. मशीन मातीच्या तबकड्या फेकतं, काका मान फिरवतात, बघतात, लावतात, तोवर तबकडी पार गेलेली. बहुतेक सगळ्या हुकल्या. मग एक फुटली. काका नळ्या उघडून नुसते उभे राहिले. नितीनचे डोळे भरले, त्यानं मोबाईल काढला आणि खाली बघत राहिला.
शेवटी शेवटी ते झालं. मशीन अडकलं असं समजून रेंजवरचा माणूस उजव्या बाजूनं पुढे गेला. काकांनी बंदूक लावलेली, तबकडी उडाली, नळ्या तिच्यामागे उजवीकडे निघाल्या. नितीन ओरडला. काका थांबले. बार उडाला नाही. तो माणूस हात वर करून मागे सरकला, सॉरी म्हणाला, चूक त्याचीच होती.
गाडीत दोघांचं भांडण. नितीन: "मी ओरडलो म्हणून थांबलात." काका: "मी आधीच थांबलो व्हतो. पाऊल ऐकलं."
मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

१५ जाने., गुरु.
काका दुकानात आले, बंदूक टेबलावर ठेवली. "परवाना वाढवायला द्यायचाय. डॉक्टर लिहून देतो बोलतो, येका डोल्यावर चालतं. पन मना डॉक्टरचं न्हाय पायजे. तू तिथं व्हतीस. तू सांग, मी आधी थांबलो का पोरगा आधी ओरडला. तू सांगशील तसं करीन. ठेवीन नायतर जमा करीन."
"काका, तुम्हाला काय वाटतं?"
"मना वाटतं मी थांबलो. पन मना तर तुज्यावर नली फिरली तीपन कलली नव्हती."
शनिवारी येतो म्हणाले.

१६ जाने., शुक्र.
लूम बंद. बंदूक उघडून पुसली. नळ्यांत जळकट राहिलेलं, ते काढलं. बिजागरीला थेंबभर तेल. दस्त्यावर त्यांच्या घामाचा डाग बसलाय, तो पुसला नाही.
दिवसभर तेच आठवून बघितलं. माणूस पुढे जातो, तबकडी उडते, नितीनचा आवाज, काका थांबतात. कधी आवाज आधी येतो, कधी थांबणं. जितकं आठवते तितकं पुसट होतंय. हो म्हटलं आणि उद्या काही झालं तर. नाही म्हटलं आणि ते खरंच थांबले असतील तर.
काका उद्या येतील. मी तिथं होते, डोळे उघडे होते, समोरच बघत होते. पण बघत होते ते त्यांचं बोट नाही, नळ्याही नाहीत. गाल लाकडावर नीट टेकलाय का, तेवढंच.