वल्ह्यांचं राज्य

ती. थोरदादा यास,

धाकट्या बहिणीचा, हात कोपरापर्यंत पिठात असल्यामुळे नुसत्या मानेनेच, नमस्कार. तुझे गुडघे, तुझ्या सूनबाईची मांजर आणि ॲरिझोनातलं ते ऊन, तिन्ही आपापल्या जागी सुखरूप असतील अशी आशा करते. इकडे सगळं ठीक. ठीक नाही ते फक्त माझे मोजे, आणि सुरुवात मी त्यांच्यापासूनच करणार आहे, कारण हा अन्याय आता सहन करण्यापलीकडे गेला आहे.

तुझी होडी माझ्या कोठारात उभी आहे. तिचं ते वर उचललेलं नाक (ते घराण्याचंच आहे, तिला दोष नाही) थेट माझ्या गाडीच्या दाराला येऊन टेकतं. त्यामुळे माझं दार उघडत नाही. मी पलीकडच्या दाराने शिरते आणि गिअरच्या दांड्यावरून, बाईमाणसाला शोभणार नाही अशा पद्धतीने, माझ्या जागेवर येते. त्या दांड्याने माझे जेवढे मोजे फाडले तेवढे मासे तू उभ्या आयुष्यात धरले नसशील. बरं, आता सवयच अशी लागली आहे की कोठाराबाहेरही मी पलीकडच्याच दाराने उतरते. रविवारी चर्चसमोर तशी उतरले की बायका माना वळवून बघतात, हिला सोडायला कोण आलं म्हणून. (माझं वय लक्षात घेता ही अफवा मी खोडून काढलेली नाही.)

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे तीन ओळी. फोनवर तू 'हं'च्या पुढे जात नाहीस, त्या मानाने ही कादंबरीच. तब्येत कशी आहे, नदी कशी आहे, आणि होडी डॉक्टर फिचला विकून टाक. तब्येतीचं झालं. आता नदी.

ओरिन पिकेटच्या गळांच्या दुकानाची खिडकी आठवते ना? तिच्यातला फळाही तोच आहे आणि दुकानाचे शब्दही तेच तीन. फळ्यावर 'उत्तम' लिहिलं असलं की नदीत काही नाही (हा शब्द बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी, त्यांनी गळाला लावायच्या खोट्या माश्या विकत घ्याव्यात आणि गढूळ पाण्यात धुऊन न्याव्यात). 'बरं' लिहिलं असलं की आपल्या लोकांनी समजून घ्यायचं, मासा वर येतो आहे. आणि दारावर 'बंद'ची पाटी असली की समजायचं काही उरत नाही. म्हणजे ओरिन स्वतःच गेला, आता हातातलं टाकून पळायचं. आपलं अख्खं गाव या तीन शब्दांवर चालतं. खरं बोलायचं नाही, पण सगळ्यांना खरं कळलं पाहिजे, असा हा सोयीचा कारभार.

तर या वसंतात बिचाऱ्या ओरिनची दाढ सुजली. दोन दिवस त्याने लवंगेचं तेल लावून काढले, तिसऱ्या सकाळी गाल पावासारखा फुगला, तेव्हा त्याने दारावर 'बंद'ची पाटी लावली आणि दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर स्वच्छ सदरा घालावा म्हणून घरी गेला. आता डॉक्टर फिचचा दवाखाना दुकानाच्या बरोबर समोर. फिचने खिडकीतून पाटी पाहिली. ओरिन सदऱ्याची बटणं लावून परत येईतो फिचच्या दारावर 'तातडीच्या कामासाठी बाहेर' अशी चिठ्ठी लटकत होती आणि फिच मागच्या दाराने, छातीपर्यंतची रबरी विजार चढवून, पसार झालेला होता. फिच पळाला हे बँकेने पाहिलं, बँक पळाली हे न्हाव्याने पाहिलं. (मी कशी पळाले ते विचारू नकोस. बेकरीच्या भट्टीत रुबार्बचे गोड पाव होते. त्यांचे नंतर कोळसे निघाले, ते मी 'खरपूस' म्हणून विकले.)

आणि दादा, नदीवर काय होतं? काही नाही. आठवडाभर दक्षिणेचा ऊबदार वारा सुटला होता, डोंगरावरचं बर्फ भडाभडा वितळत होतं आणि आपली लिटल सॉरेल कोकोच्या रंगाची होऊन काठ खात चालली होती. पुलापासून वळणापर्यंत सगळं गाव पाण्यात उभं. कोणाच्याच गळाला मासा नाही. पण विचारलं की जो तो जुन्या सवयीने म्हणे, "बरं आहे." आणि 'बरं'चा अर्थ तर सगळ्यांना ठाऊक! म्हणजे शेजारच्याला मिळतोय, मलाच मिळत नाही, अशा समजुतीने प्रत्येक जण अजून थोडा वेळ थांबला, आणि असं करत करत संध्याकाळ होत आली.

खरं सांगू? त्या दिवसाइतका निवांत दिवस मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही. ऊन विरघळलेल्या लोण्यासारखं. पॉप्लरच्या चिकट कळ्यांचा वास. ते कोको-पाणी डोळ्यांपुढून एकसारखं जात होतं, जात होतं, आणि ते पाहता पाहता आपणच उलट वर वर चाललो आहोत, डोंगराकडे, बर्फाकडे, लहानपणाकडे, असं वाटू लागलं. एक ओंडका गेला. मग कोणाच्या तरी गोठ्याचं अख्खं दार गेलं, कडीकोयंड्यासकट, उताणं, आभाळाकडे तोंड करून. मला वाटलं, कोणी पोहत जाऊन कडी वाजवली तर खालून दार उघडेल आणि एखादी गाय विचारेल, कोण पाहिजे? न्हावी उभ्या उभ्या झोपला होता. त्याची दोरी पाण्यात, टोपी डोळ्यांवर, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मासा लागला असता तर त्याला रागच आला असता.

एवढ्यात काठाने ओरिन आला. गालाला पंचा बांधलेला, बोलता येत नाही, हाताने गाल दाखवतोय आणि मग प्रवाहाच्या वरच्या अंगाला बोट करतोय, जिथे फिच उभा होता. गावाने त्याचा अर्थ असा लावला की वरच्या अंगाला एवढ्या डोक्याचा मासा आहे. सगळे फिचच्या दिशेने धावले. फिचला वाटलं आपली जागा लुटायला आले, म्हणून तो आणखी वर पळाला. शेवटी मीच ओरडले, "अहो डॉक्टर, थांबा! मासा नाही, पेशंट आहे!"

दाढ तिथेच काढली. ओरिनच्याच गाडीच्या मागच्या फळीवर, दोन घोट व्हिस्की पेशंटला, दोन डॉक्टरला, आणि माशाच्या तोंडातून गळ काढायचा तो चिमटा. त्या दिवशी लिटल सॉरेलवर एवढी एकच वस्तू बाहेर निघाली. सगळ्यांनी ती हातात घेऊन पाहिली, वजनाचे अंदाज झाले, न्हाव्याने फोटो काढला. मग फिच म्हणाला, "ओरिन, इथला रिवाज तुला माहीत आहे. धरलेलं ठेवायचं नाही." ओरिनने टोपी काढली आणि दाढ पाण्यात सोडली. पाद्रीबाबा जवळच होते, त्यांनी नकळत हात जोडले.

तर नदी ही अशी आहे. गढूळ, थंड, आणि आता तिच्यात ओरिनचा एक अवयव. फिरकू नकोस.

आता होडी. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी फिचला निरोप दिला. तो म्हणाला, आधी चालवून बघतो. नदी वापरण्याजोगी नव्हती, म्हणून ओरिनने आपल्या गाडीने होडी वरच्या तळ्यावर नेऊन दिली. बर्फ नुकतंच सुटायला लागलं होतं. काठाला हातभर काळं पाणी मोकळं, मध्ये अजून तो करडा पडदा. सकाळची वेळ, वारा नाही. बर्फाचे बारीक लांबट तुकडे काठाशी एकमेकांवर आपटून असे किणकिणत होते, की शेजारच्या खोलीत कोणी तरी काचेची भांडी हळूच कपाटात लावतंय. आणि बर्फाच्या कडेकडेने ट्राउट मासे फिरत होते. घाई नाही, आवाज नाही. घरातले सगळे झोपलेले असताना लवकर जाग आलेलं माणूस नुसत्या मोज्यांनी चालतं, तसे. (मोजे मी विसरले आहे असं समजू नकोस.)

फिच पुढच्या बाकावर बसला, वल्ही मी घेतली. तू म्हणशील, तू कधीपासून? तर वल्हवायला बहुतेक वेळा डेला वहिनीच असायची हे मलाही ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पुढे तोंड करून बसायची आणि मागे ओढत राहायची, मी एकदा विचारलं होतं की पुढे जायचं तर मागे का ओढतेस, तर म्हणाली, "नदी नेतेच आहे गं. आपण फक्त तिला घाई करू द्यायची नाही." ती गेल्यावर तू लिहिलंस की होडीला वल्हवणारं माणूस उरलं नाही, तेव्हा होडी ठेवून काय करायचं. मी त्यावर काही बोलले नाही. (माझ्या बाबतीत हे विशेष, याची नोंद घे.)

असो. फिचला घेऊन मी तळ्यात गेले आणि होडी डावीकडे वळली. सरळ केली, पुन्हा डावीकडे. आम्ही एक गोल काढला, मग दुसरा, मग त्याच्याही आत तिसरा. काठावरचे पाइन फिरू लागले, डोंगर फिरू लागले, आभाळ कॉफीच्या कपातल्या सायीसारखं फिरू लागलं. इतकं छान वाटत होतं की मला गाणं सुचलं असतं. फिच मात्र हिरवा पडत चालला.

"रॅग्नाबाई," तो म्हणाला, "हिला डावीकडे ओढ आहे."

"असेल हो. लाकडाची जात हळवी असते."

"हळवी कसली! बूड वाकडं झालंय. लाकडाचं बूड एकदा वाकलं की संपलं."

"माणसाचंही तसंच असतं, डॉक्टर. पण तुम्हाला आम्ही गावात ठेवून घेतलंच ना?"

त्यानंतर त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. काठावर उतरल्यावर थोडा वेळ एका झाडाला मिठी मारून उभा राहिला आणि म्हणाला, अशी होडी फुकट दिली तरी नको. तेव्हा सौदा फिसकटला, याचं मला मनापासून दुःख आहे. दुसरं गिऱ्हाईक मिळण्याची आशा नाही, कारण न्हाव्याला आता होडीचा दोष पाठ झाला आहे आणि न्हाव्याला पाठ झालं म्हणजे गावाला झालं. होडीचं काय करायचं ते सवडीने कळव. गुडघ्यांना जप.

तुझी धाकटी,
रॅग्ना

ता. क. होडीला काही झालेलं नाही. बूड सरळ आहे. डावं वल्हं मी ढिलं धरलं होतं.

पुन्हा ता. क. नदीबद्दल वर लिहिलं ते जुनं झालं. परवापासून रात्री पुन्हा गोठवणाऱ्या पडतायत, बर्फ डोंगरावरच अडकून बसलंय, आणि नदी उतरून बाटलीच्या काचेसारखी हिरवी झालीये. मातृदिनाच्या सुमाराला येतात त्या खऱ्या माश्या आल्या, ज्यांच्यासाठी मासे वर येतात. काल दुपारी माझ्या पिठात पहिली सापडली, दिवेलागणीला खिडकीची काच दिसेनाशी झाली. हे चार दिवस टिकेल, सहा टिकेल. वारा फिरला की पुन्हा कोको. ओरिनने काल फळ्यावर 'बरं' लिहिलं. आज सकाळी मी माझ्या दारावर 'बंद'ची पाटी लावली. ओरिनने ती पाहिली आणि आपल्या फळ्यावरचं 'बरं' पुसून 'उत्तम' लिहिलं, म्हणजे गाव नदीकडे फिरकायला नको. आजवर त्याने कोणासाठी एवढं खोटं लिहिलेलं मला आठवत नाही.

आणखी एक ता. क. आपला नियम तुला आठवत असेलच. ज्याला मासा लागला, त्याच्यावर वल्ह्यांचं राज्य आलं. शेवटच्या खेपेस तिघांत शेवटचा मासा मला लागला होता, पुलाच्या खाली, आणि राज्य माझ्यावर होतं. पण मला वल्हवता येत नव्हतं, म्हणून वहिनी हसली आणि तिनेच आपल्याला घरी आणलं. तळ्यावरचं बर्फ हातभर सुटलं तेव्हापासून मी शिकतेय. (गोल काढणं हा त्यातला पहिला धडा. तो मी फिचला फुकट दाखवला.) काल संध्याकाळी ओरिनने होडी पुलाखाली पाण्यात उतरवून दिली आणि तो गाडी घेऊन खाली पॉप्लरांपाशी जाऊन थांबला. मी गळाची काठी घेतली नाही. पुढे तोंड करून बसले आणि मागे ओढत राहिले. माश्या धुरासारख्या उठत होत्या, कानात, केसांत, कॉलरमध्ये. दोन्ही अंगांना माशांची नाकं वर येत होती आणि पाणी इतकं सावकाश जात होतं की उजेडही आमच्याबरोबरच चालला होता. पुलापासून पॉप्लरांपर्यंत, तिने आणलं होतं तेवढंच अंतर. माझ्यावरचं राज्य मी दिलं.

होडी कोठारात नेलेली नाही. आता राज्य कोणावर, ते पुढचा मासा ठरवील. आणि आपल्या होडीत मासा धरणारं माणूस तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.